ऊन आत येऊलालंय!

हैदराबादला, नल्लकुंट्यातल्या त्या घराच्या उंबऱ्यावर आम्ही सामान घेऊन उभे राहिलो, तेव्हा घरमालकांनी 'या' म्हटलं नाही, 'बसा' म्हटलं नाही. आतून फक्त आवाज आला, "दरवाजा! ऊन आत येऊलालंय!"

माझ्या पुणेरी कानांना ते 'येऊलालंय' म्हणजे काहीतरी शिवीच वाटली; त्याचा अर्थ नुसता 'येतंय', हे मागाहून कळलं. मी सुधीरकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो लोखंडी ट्रंकेचं एक टोक धरून उभा होता, दुसरं माझ्या हातात होतं. मग दार अर्धवट किलकिलं झालं आणि बनियन-पायजम्यातले एक उंच, हडकुळे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी आम्हाला घरात शिरायची रीत समजावून सांगितली. त्या घराला एकामागे एक असे दोन दरवाजे होते. मध्ये दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी जागा. बाहेरचा दरवाजा उघडायचा, मधल्या जागेत शिरायचं, बाहेरचा लावायचा आणि मगच आतला उघडायचा. ऊन असेपर्यंत दोन्ही दरवाजे एका वेळी उघडे दिसता कामा नयेत.

"पण ट्रंक मावत नाहीये," मी म्हटलं.

"मग ट्रंक बाहेर राहू द्या. सूरज गेल्यावर आणा."

एप्रिल महिना होता. त्या ट्रंकेत माझ्या झाडून सगळ्या चांगल्या साड्या होत्या. दिवे लागेपर्यंत मी रस्त्यावर, त्या ट्रंकेवर, डोक्यावर छत्री धरून बसून राहिले. येणाऱ्याजाणाऱ्या बायका कळवळून तेलुगूत काहीबाही विचारत होत्या. 'काय हवंय बाई' असं विचारताहेत एवढं समजत होतं. मला काय हवं होतं ते सांगण्याइतकं तेलुगू येत नव्हतं. येत असतं तर पहिल्याच दिवशी गल्लीत तमाशा झाला असता.

हे बिलोलीकर सर. सरकारी शाळेत उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही माध्यमांच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घराणं कैक पिढ्यांचं हैदराबादी. मराठी बोलायचे, त्यात निम्मं दखनी असायचं, आणि रागावले की पाऊण. ते सदैव रागावलेलेच असायचे.

मीही काही कमी रागावलेली नव्हते, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवसांत जो तो म्हणायचा, देश आता खुला झाला. बाजार खुला झाला, टीव्हीवर ढीगभर चॅनेलं आली, दुकानांत नाना तऱ्हेचे फ्रिज आले. त्या खुल्या झालेल्या देशात सुधीरच्या कंपनीने हैदराबादेत नवं ऑफिस उघडलं. आणि मी पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून अशा घरात येऊन पडले, जिथे दिवसाउजेडी खिडकी उघडायची चोरी.

चोरी म्हणजे अक्षरशः चोरी. आम्ही वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, आमचा जिना सरांच्या बैठकीतूनच, आणि सरांचे नियम वरही लागू होते. "वरचं घर तापलं की खाली उतरतं," हा त्यांचा सिद्धांत. ऊन कुंपणाच्या भिंतीवर चढायच्या आत सगळ्या खिडक्या बंद, वर गोणपाटाचे पडदे. सूर्य मावळला की सगळ्या खिडक्या उघड्या. मी मध्ये एखादी किलकिली केली की अंगणातून हाक यायची, "पुणेकरीणबाई! पश्चिमेची खिडकी!" हा मनुष्य अंगणात उभा राहून माझ्या खिडक्या मोजायचा. पडद्यामागून मला वाटेल ते पुटपुटायची सवय लागली. सुधीर म्हणायचा, "अगं, म्हातारा माणूस आहे, दुर्लक्ष कर." सुधीरला काय जातंय? तो दिवसभर कंपनीच्या एअर कंडिशनमध्ये बसून मला दुर्लक्ष करायला सांगत होता.

गच्चीची तर आणखीच तऱ्हा. मी पुण्याहून येताना उन्हाळी वाळवणाची स्वप्नं बघत आले होते. हैदराबादचं ऊन म्हणजे पापड एका दिवसात खडखडीत, असं कुणीतरी सांगितलं होतं. गच्चीचं दार उघडलं तर काय, गच्चीभर पालथी मडकी! एकाला एक चिकटवून मांडलेली, मध्ये चुन्याचा गिलावा, वरून पांढराशुभ्र सफेदा. पाऊल ठेवायला चिंचोळी वाट तेवढी सोडलेली.

"मडक्यात हवा असते," सर म्हणाले. "हवा उन्हाला पुढे जाऊ देत नाही. ही हवा म्हणजे घरावर घातलेली रजई आहे. समजलं की नाही?"

"आणि पापड कुठे घालू?"

"पापड बेगम बाजारात मिळतात. घर बेगम बाजारात मिळत नाही."

मी त्या दिवशी खाली येताना एक मडकं पायाने फोडलं. चुकून नाही.

पश्चिमेच्या भिंतीला त्यांनी आतून फळ्या मारून मधल्या पोकळीत भाताचं तूस ठासलं होतं. त्यात उंदीर झाले. दुपारी सगळं सामसूम असताना आमची भिंत कुरकुर करायची. मी तक्रार केली तर म्हणाले, "उंदीर पण अक्कलवाले आहेत. गार जागा बघूनच राहतात." पण ह्या सगळ्यावर कडी म्हणजे थर्माकोल.

गल्लीत तेव्हा खरेदीचा सुकाळ होता. दर आठवड्याला कुणाकडे तरी रंगीत टीव्ही, कुणाकडे फ्रिज, कुणाकडे कपडे धुवायचं मशीन येई. लोक नारळ फोडत, पेढे वाटत. सर पेढा घेत, तोंडात टाकत आणि विचारत, "थर्माकोल कुठंय?" वस्तू कसली आहे ह्याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. खोक्यातल्या थर्माकोलवर डोळा. शेजारचे रेड्डीगारू एकदा बिचारे मोठ्या कौतुकाने नवा टीव्ही दाखवायला घेऊन गेले, तर हे तिथल्या तिथे खोकं घेऊन परतले. ते सगळे तुकडे त्यांनी आधी स्वतःच्या आणि मग आमच्या छताला खळ लावून चिकटवले. कुठे टीव्हीच्या कोपऱ्याचा खळगा, कुठे फ्रिजच्या पायाचं भोक. पलंगावर पडलं की डोळ्यांसमोर उलटे बाण आणि 'ही बाजू वर'. पावसाळ्यात खळ भिजली आणि एक मोठा तुकडा आमटीच्या पातेल्यात येऊन पडला. ते पातेलं तसंच उचलून मी खाली नेलं आणि त्यांच्यासमोर आदळलं. सरांनी आमटीकडे बघितलंसुद्धा नाही. तुकडा उचलून धोतराच्या जुन्या फडक्याने पुसला आणि म्हणाले, "इंतजाम करतो. मैद्याच्या खळीत मोरचूद पाहिजे होतं."

त्यांचा आवडता शब्द म्हणजे 'फट'. दर महिन्याला एकदा ते उदबत्ती पेटवून घरभर हिंडत. दाराखाली, खिडकीच्या चौकटीभोवती, कडीच्या भोकाशी उदबत्ती धरायची आणि धूर कुठे हलतो ते बघायचं. धूर हलला की गर्जना, "फट!" मग चिंध्या, मेण, कणीक, हाताला लागेल ते तिथे कोंबायचं. पलीकडच्या लक्ष्मम्मा त्यांना खिडकीला उदबत्ती ओवाळताना बघून कुंपणापलीकडून हात जोडत. एवढा देवभक्त माणूस आपला शेजारी, याचं त्यांना फार अप्रूप. सर खिडकीतून त्यांच्यावर खेकसत, "अम्मा, पूजा नई है! फट है!" आणि त्या पुन्हा एकदा भक्तिभावाने हात जोडत.

रेड्डीगारूंनी एअर कंडिशनर बसवला तेव्हा तर युद्धच पेटलं. त्याचं मागचं तोंड आमच्या पूर्वेच्या भिंतीकडे होतं. सर भर रस्त्यात उभे राहून ओरडले, "तुमच्या घरातली गर्मी कायकू माझ्या घरात फेकता?" रेड्डीगारू सज्जन माणूस, ते आपले समजावत होते, "सार, कूलिंग का मशीन है सार, हीटिंग का नई." सरांनी त्यांना रस्त्यावरच अख्खा धडा शिकवला. उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त इकडून तिकडे जाते, आणि जी जाते ती माझ्याकडे येऊलाली! शाळेतल्या मुलांवर ओरडावं तसे ओरडले. रेड्डीगारूंनी शेवटी त्या यंत्राला पत्र्याची वळचण करून तोंड रस्त्याकडे फिरवलं. नंतर बरेच दिवस त्यांच्याकडून आमच्याकडे पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आला नाही, याचाही राग मी सरांवरच धरला.

एक गोष्ट मात्र दात-ओठ खात का होईना, सांगितली पाहिजे. घर थंड होतं. भर मे महिन्यात करंट गेला की गल्लीतले सगळे कूलर गप होत आणि लोक घामाघूम होऊन पायरीवर येऊन बसत. आमच्याकडे तेव्हा दुपारी झोपताना पायांवर चादर लागायची. हे मी सरांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ह्यापुढचा काहीतरी प्रयोग सुरू केला असता.

आणि तरीही, एवढं गार घर, त्यात राहायला माणूस एकटा. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. तो नातू आता शाळेत जाऊ लागला होता, पण काकू काही परतल्या नव्हत्या. आम्ही तर त्यांना पाहिलंही नव्हतं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. सर फोनवरही ओरडूनच बोलायचे, अमेरिका लांब आहे म्हणून नव्हे, बोलणंच तसं. सगळी माहिती घराची. आज गच्चीला दुसरा हात मारला. आज उत्तरेची फट सापडली. मधल्या खोलीत माठातलं पाणी तिसऱ्या दिवशीही गार राहतं. फोन ठेवला की अंगणात येऊन कुणाला उद्देशून नाही असं म्हणायचे, "तिला इथलं ऊन सोसत नाही. अबके उन्हाळ्याला घर अजून गार झालं, की येते बघा."

म्हणजे हा सगळा खटाटोप त्यासाठी होता. मडकी, तूस, माझ्या छताचे उलटे बाण, सगळं काकूंना परत आणण्यासाठी. काकू होत्या तोवर हे घर चारचौघांसारखंच तापायचं, असं लक्ष्मम्मा सांगायच्या. मला हे कळल्यावर दोन-चार दिवस मी खिडक्या वेळेवर लावल्या.

मग एका रविवारी सर गच्चीवर चुन्यात कोपरापर्यंत बरबटलेले असताना खाली फोन वाजला. "पुणेकरीणबाई! फोन उचला! बोला तिच्याशी, मी हात धुऊन आलोच!" मी जिना उतरून बैठकीत गेले आणि फोन उचलला.

"कोण, मंजू का?" पलीकडून फार गोड आवाज आला. माझं नाव त्यांना ठाऊक होतं. "त्यांनी तुला फार छळलंय गं, नाही? मडक्यांचं ऐकलं मी."

"काकू, घर खरंच गार झालंय. तुम्हाला आता ऊन सोसेल," मी म्हटलं.

त्या हसल्या. "ऊन? अगं, माझा जन्म हैदराबादचाच, काचीगुड्याचा. पत्र्याच्या घरात वाढले मी. मला कुठलं ऊन लागतंय? इथं कुणी ओरडत नाही गं मंजू. मीठ कमी पडलं तर मीठ घेतात आणि जेवतात. एवढंच." मग म्हणाल्या, "उन्हाचं आपलं सांगायला बरं पडतं. त्यांना हे बोलू नकोस."

तेवढ्यात सर आले. ओल्या हातांनी त्यांनी रिसीव्हर घेतला आणि ओरडले, "हॅलो! यंदा चुन्यात बेलफळाचा गर घातलाय!" मी वर निघून आले. मला त्यांचा पहिल्यांदाच असा राग आला की ज्यात माझ्या खिडक्यांचा काही संबंध नव्हता.

मी बोलले नाही. चैत्रापर्यंत बोलले नाही.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू मी हौसेने घातलं होतं. हैदराबादेत वर्ष काढलं होतं, नल्लकुंटा, बरकतपुरा, तारनाका, सगळीकडच्या मराठी बायकांशी ओळखी झाल्या होत्या. गौर सजवली, कैरीची डाळ केली, पन्हं केलं, हरभरे भिजवले. हळदीकुंकू म्हणजे दार सताड उघडं, बायका येताहेत, जाताहेत, जिन्यात थांबून गप्पा मारताहेत. मी सरांना आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं. ते "हौ हौ" म्हणाले होते.

संध्याकाळी पहिल्या बायका आल्या तेव्हा अजून ऊन होतं. आणि खालून आवाज सुरू झाले. "दोन-दोन! जास्ती नक्को! आधी बाहेरचा लावा!" नऊवारीतल्या दोघी मधल्या जागेत अडकून हसत होत्या. बाकीच्या रस्त्यावर रांगेत, जरीच्या साड्या नेसून, घाम पुसत. वर माझ्या गौरीपुढे तीन बायका आणि खाली बारशाची पंगत उठावी तशी गर्दी. त्यांत तारनाक्याहून दोन बस बदलून आलेल्या कुलकर्णीबाई होत्या, सुमनकाकूंच्या जुन्या मैत्रीण. वय झालेलं. त्यांनी नुसतं दार धरून ठेवलं होतं, मागच्या बाईच्या कडेवर मूल होतं म्हणून.

"दरवाजा!" सर ओरडले. "अक्कल आहे की नाही? ऊन आत येऊलालंय!"

कुलकर्णीबाईंनी दार सोडलं. "सुमनच्या हळदीकुंकवाला पण हे असंच ओरडणं," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि हळद-कुंकू न लावता, ओटी न घेता, आल्या पावली परत गेल्या.

मी वरून पळत आले तेव्हा त्या कोपऱ्यावरून वळल्या होत्या. सवाष्ण माझ्या दारातून तशीच परत गेली. मग मी जे बोलले ते सगळ्या बायकांदेखत, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून, हातात पन्ह्याचा डाव घेऊन.

"सर, काकू उन्हामुळे गेलेल्या नाहीत! तुमच्या ओरडण्यामुळे गेल्यात. गच्चीवर अजून हजार मडकी पालथी घाला, त्या येणार नाहीत. घर गार करून काय उपयोग? तुम्ही आहात ना त्यात!"

कुणीतरी बाहेरचा दरवाजा उघडाच ठेवला होता, आतलाही उघडा होता, आणि ऊन सरळ सरांच्या बैठकीपर्यंत आलं होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. खालच्या पायरीवर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "मालूम आहे मला."

मी डाव खाली केला.

"ती कधी बोलली नाही. पण मालूम आहे. उन्हाला अडवता येतं, पुणेकरीणबाई. त्याचं शास्त्र आहे, मी शिकवलेलं आहे. ह्याचं काय करू?" त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. "तोंड उघडलं की हेच निघतं. म्हणून म्हटलं, जे येतं ते तरी करावं."

तुम्हाला वाटेल, मला त्यांची दया आली. मुळीच नाही. माझा राग दुप्पट झाला. माहीत होतं? सगळं माहीत असून हा मनुष्य वर्षानुवर्षं थर्माकोल चिकटवत बसला? एक साधा शब्द फोनवर बोलायला ह्याची जीभ झडली होती? मी बोलले त्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही नाही. त्या बायकांना मी वर नेलं, दोन्ही दारं उघडी टाकून, आणि हळदीकुंकू पार पाडलं. खालून कुणी ओरडलं नाही.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी आधीच खाली जाऊन बसले होते. सरांनी हात पुढे करायच्या आत मी रिसीव्हर उचलला.

"काकू, मी त्यांना सांगितलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी सांगितलं. आणि त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं."

मग काकूंनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी सांगितलं. गळ्यावर हात ठेवला ते पण सांगितलं. सर दारापाशी पाठ करून उभे होते.

"मे महिन्यात येऊन जाते," काकू म्हणाल्या. "परतीचं तिकीट काढूनच येते, त्यांना सांग."

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग उदबत्ती पेटवली आणि घरभर फिरले, पण कुठेही 'फट' म्हणून ओरडले नाहीत. धूर हलला तिथे मुकाट्याने कणीक लावत गेले.

काकू मुंबईहून रेल्वेने आल्या. रिक्षा दारात थांबली तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं होतं. लक्ष्मम्मा कुंपणाशी, रेड्डीगारू गॅलरीत, मी जिन्यात. काकू ठेंगण्या, गोऱ्या, पायांत पांढरे बूट. रिक्षावाल्याने त्यांची अवाढव्य बॅग उचलली, बाहेरचा दरवाजा पायाने उघडला, आतला खांद्याने ढकलला, आणि बॅग अडकल्यामुळे तो दोन्ही दरवाजे सताड उघडे टाकून मध्येच उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी सरांचं तोंड उघडताना पाहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

ते तोंड तसंच मिटलं. सर पुढे झाले, बॅगेचं एक टोक धरलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "आरामात. घाई नक्को."

काकू मधल्या खोलीत, सगळ्यांत गार खोलीत, पलंगावर टेकल्या. गोणपाटाच्या पडद्यांकडे, फळ्यांच्या भिंतीकडे, छताच्या थर्माकोलकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ह्या म्हणतील, किती गार केलंत हो घर.

"केवढा अंधार हा," काकू म्हणाल्या. "एक खिडकी उघडा की."

मला वर्षभर एक खिडकी भर दुपारी उघडू न देणारा तो मनुष्य उठला. त्याने पडदा बाजूला केला, चौकटीतल्या चिंध्या बोटांनी उपसून काढल्या, कडी काढली आणि खिडकी उघडली. भट्टीचं दार उघडावं तशी झळ आत आली. मग त्याने दुसरीही उघडली. आणि वर्तमानपत्राची घडी करून, काकूंच्या शेजारी बसून, त्यांना वारा घालू लागला. मी वर येऊन सिंकमध्ये तोंड धुतलं. फार राग आला होता.

त्यानंतर रोज तेच. काकूंना वाईट वाटू नये म्हणून सरांनी घरातलं एक दार, एक खिडकी बंद ठेवली नाही. दोन दरवाज्यांचा नियम मोडीत निघाला. तीन-चार वर्षांची मेहनत आठवड्याभरात तापून गेली. खालचं घर तापलं, मग वरचं तापलं. माझ्या पायांवरची चादर गेली. भर दुपारी थर्माकोलचे तुकडे सुटून लोंबायला लागले. आणि मला, ज्या बाईने वर्षभर ह्या बंद खिडक्यांना शिव्या घातल्या होत्या तिला, आता उघड्या खिडक्यांचा संताप येऊ लागला. पण बोलणार कुणाला? सर अंगणात अगदी गरीब गायीसारखे फिरत होते. त्यांनी माझ्या पश्चिमेच्या खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी ती मुद्दाम उघडी ठेवली होती.

काकूंची परत जायची तारीख अगदी जवळ आली होती. बॅग पुन्हा बैठकीत येऊन उभी राहिली होती. मी दुपारी पलंगावर पडून घामाने निथळत होते, उलट्या बाणांकडे बघत होते, तेवढ्यात खालून आवाज आला. असा मोठा, की लक्ष्मम्मांच्या अंगणातले कावळे उडाले.

"अहो! दरवाजा! ऊन आत येऊलालंय!"

मी ताडकन उठून जिन्यात आले. भांडायला मी तयारच होते. पण आवाज सरांचा नव्हता. बैठकीच्या मधोमध काकू उभ्या होत्या, पदर खोचलेला, एका हातात कणकेचा गोळा आणि दुसऱ्यात जळती उदबत्ती.

"एवढं गार घर केलं होतंत ना माझ्यासाठी? मग कायकू वाया घालवताय? उठा! तो आतला लावा. आणि उत्तरेला फट आहे, दिसत नाही का?"

"हौ, लावतो," सर म्हणाले. इतक्या हळू, की मला जिन्यात वाकून ऐकावं लागलं. मग त्यांनी बाहेरचा दरवाजा लावला, आतला लावला आणि काकूंच्या हातून कणकेचा गोळा घेऊन उत्तरेच्या खिडकीकडे गेले. जाताना बैठकीतली बॅग वाटेत येत होती, ती त्यांनी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. काकूंनी ते बघितलं आणि उदबत्ती पुढच्या खिडकीला धरली.

मी वर आले. तिकिटाचं काय, म्हणून विचारायला खाली गेले नाही. परक्यासारखं चार दिवसांत निघून जाणारं माणूस कुणाच्या दरवाज्यावरून एवढं ओरडत नाही.

मग मी माझी पश्चिमेची खिडकी लावून घेतली.